अर्ध्या इंचाचा पाना अर्धा इंच का नसतो?

आमच्या प्रयोगशाळेत एक जुना, इंग्लिश बनावटीचा निर्वात पंप होता. एकदा त्याचा तळाचा नट सोडवायची वेळ आली. आम्ही पेटीतले एकेक पाने लावून पाहिले. तेवीस नंबरचा बसेना, चोवीसचा मात्र अलगद बसला. थोडा सैल वाटला, पण चालेल असे समजून आम्ही जोर लावला. नट जागचा हलला नाही. पानाच त्याच्यावरून घसरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. आवाज ऐकून कर्मशाळेतले मिस्त्री आले. त्यांनी नटावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, हा इंची नट आहे. त्यातही विटवर्थचा. याला चोवीसचा पाना लावायचा नसतो."

विटवर्थचा पाना आमच्याकडे नव्हता. तो शोधायला आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे लोखंडी सामानाच्या ढिगात गंजलेला एक दुतोंडी पाना मिळाला. एका तोंडाजवळ '१/२' आणि दुसऱ्या तोंडाजवळ '७/१६' असे आकडे होते, आणि दोन्हींपुढे इंग्रजी 'डब्ल्यू' हे अक्षर. परत आल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही तो ग्राइंडरवर धरून चकचकीत केला. काम झाल्यावर ध्यानात आले की दांड्यावर बनवणाऱ्याच्या नावाचा पुसट ठसा होता आणि गंजाबरोबर आम्ही तोही घासून टाकला होता. तोंडाजवळचे आकडे तेवढे वाचले.

मग व्हर्नियर कॅलिपरने पान्याचे तोंड मोजले. '१/२' लिहिलेले तोंड २३.४ मिलिमीटर भरले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या इंचाच्या पान्यात अर्धा इंच कुठेच नव्हता! हा आकडा मग कशाचा? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना पाने गोळा करण्याचा नाद आम्हाला लागला, आणि यंत्रयुगाच्या इतिहासाचा एक सहसा न सांगितला जाणारा भाग हाती आला. तो येथे मांडत आहोत.

प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा

नट आणि बोल्ट एकमेकांत बसण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बोल्टचा व्यास, एका इंचात किती आटे आहेत ती संख्या, आणि दोन लगतच्या आट्यांमधल्या खाचेचा कोन. यांतली एक जरी चुकली तरी नट चढत नाही. किंवा दोन फेरे चढून अडकतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आटे पाडणे हे बरेचसे हातचे काम होते. नट आणि बोल्ट यांची जोडीच तयार होई. यंत्र उघडले की कोणता नट कोणत्या बोल्टचा हे खुणा करून ठेवावे लागे, कारण अदलाबदल झाली तर काहीच बसत नसे. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनी आटे पाडण्याचा अचूक लेथ तयार केला. आता एकाच कारखान्यातले सर्व आटे सारखे काढता येऊ लागले. पण हा सारखेपणा कारखान्याच्या भिंतीपाशी संपत असे. शेजारच्या कारखान्याचा लेथ वेगळा, म्हणून आटाही वेगळा. आगगाडीचे इंजिन मँचेस्टरला बनले आणि दुसऱ्या गावी बिघडले तर दुरुस्ती करणाऱ्याला त्या एका बोल्टसाठी नवा बोल्ट घडवावा लागे.

मॉड्स्ले यांच्याकडे काम शिकलेल्या जोसेफ विटवर्थ यांनी या गोंधळावर उपाय शोधला. ते १८०३ साली जन्मले आणि १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्यांची पद्धत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. उत्तम आटा कोणता असावा हे त्यांनी कागदावर गणित मांडून ठरवले नाही. इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतून त्यांनी बोल्ट मागवले, ते मोजले आणि त्यांची सरासरी काढली. खाचांचे कोन कमीजास्त होते. सरासरी ५५ अंश आली. तीच त्यांनी स्वीकारली. प्रत्येक व्यासाला इंचामागे किती आटे असावेत, हेही असेच ठरवले. पाव इंचाच्या बोल्टला २०, अर्ध्या इंचाच्या बोल्टला १२, एक इंचाच्या बोल्टला ८. ही योजना त्यांनी १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंधरूपाने मांडली. सरासरी घेतल्याचा मोठा फायदा असा, की कोणालाच फार दूर सरकावे लागले नाही. १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विटवर्थचा आटा सर्वत्र रूढ झाला होता.

आता आमच्या पान्याचे कोडे सुटते. विटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या व्यासाचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसणारा नट त्याहून मोठा असणारच. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर ०.९२० इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर ठरलेले होते. पाना घेणाऱ्या कारागिराला नटाचे माप माहीत असण्याची गरज नव्हती. बोल्ट अर्ध्या इंचाचा, म्हणून पाना अर्ध्या इंचाचा. आजच्या चोवीसच्या पान्यात हा नट ०.६ मिलिमीटर सैल बसतो. सैल पाना नटाच्या सपाट बाजूवर टेकत नाही, कोपऱ्याजवळच्या अरुंद कडेवर टेकतो. सगळे बळ तेवढ्याच जागेवर येते आणि धातू दबतो. आमच्या पंपाच्या नटाचे नेमके हेच झाले होते.

त्याच वर्षीचे दुसरे उत्तर

गंमत अशी की ज्या १८४१ साली विटवर्थ यांनी निबंध वाचला, त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावी लोरिंग कोस या कारागिराने एका पान्याचे पेटंट घेतले. या पान्याचा एक जबडा सरकता होता आणि तो सरकवणारा स्क्रू अशा ठिकाणी बसवला होता, की पाना धरलेल्या हाताच्याच अंगठ्याने तो फिरवता यावा. नट कोणत्याही मापाचा असो, तोंड त्याप्रमाणे उघडायचे.

अडचण एकच होती आणि तिला एकाच वर्षी दोन उत्तरे मिळाली. एक म्हणजे सर्वांनी मिळून नटांची मापे ठरवायची. दुसरे म्हणजे मापे ठरोत न ठरोत, पान्यालाच जुळवून घ्यायला लावायचे. पुढे स्वीडनमधल्या एन्शपिंग गावच्या योहान पेटर योहानसन यांनी १८९२ मध्ये आज आपल्या ओळखीच्या स्क्रू पान्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत डॅनियल स्टिलसन यांचा पाइप पाना १८६९ चा. नळाच्या गोल पाइपला कोपरेच नसतात. त्याला धरणारा हा दातेरी पाना नळकारागिरांच्या हातात अजूनही दिसतो आणि पुष्कळ ठिकाणी स्टिलसन याच नावाने ओळखला जातो.

सरकता पाना सोयीचा खरा, पण त्याचा जबडा थोडा हलतोच. त्यामुळे घट्ट नटासाठी ठरावीक तोंडाचाच पाना लागतो. म्हणजे मापे ठरवण्याचा प्रश्न काही सुटला नव्हता.

पंचावन्न की साठ?

विटवर्थचा आटा अमेरिकेने घेतला नाही. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे वेगळी पद्धत मांडली. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर होता. विटवर्थच्या आट्याचा माथा आणि तळ गोलसर असत. ती गोलाई अचूक आणणे सामान्य कारागिराला अवघड. शिवाय ५५ अंशांचा कोन तपासणेही अवघड. सेलर्सनी कोन ६० अंश घेतला आणि माथा सपाट ठेवला.

भूमितीच्या तासाला हा मुद्दा जरूर घ्यावा. साठ अंशांचा कोन कंपास आणि पट्टी यांनी कोणीही काढू शकतो. तो समभुज त्रिकोणाचा कोन आहे. पंचावन्न अंशांचा कोन नुसत्या कंपास-पट्टीने काढताच येत नाही. विटवर्थचा कोन चालत्या व्यवहाराच्या सरासरीतून आला होता, तर सेलर्सचा कोन करायला सोपा म्हणून निवडला होता. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते, आणि म्हणूनच तडजोड व्हायला पुढे जवळजवळ एक शतक गेले.

सेलर्सनी नटाच्या मापासाठी सूत्रही दिले: बोल्टच्या व्यासाची दीडपट अधिक १/८ इंच. अर्ध्या इंचाच्या बोल्टसाठी हे ७/८ इंच येते. १८६८ मध्ये अमेरिकी आरमाराने ही पद्धत स्वीकारली. पाव इंचाच्या बोल्टला दोन्ही पद्धतींत इंचाला २० आटे आहेत, पण अर्ध्या इंचाला विटवर्थचे १२ आणि सेलर्सचे १३. पुढे १८९८ साली झुरिचच्या परिषदेत युरोपातल्या देशांनी मेट्रिक आटा ठरवला. त्याची मापे मिलिमीटरमध्ये होती, पण कोन मात्र सेलर्सचा, ६० अंशांचा.

अमेरिकी पान्यांवरचा आकडाही पुढे वेगळ्या अर्थाने वाचला जाऊ लागला. तिथे आणि मेट्रिक पान्यांवर तो पान्याच्या तोंडाचा असतो. ३/४ लिहिले असेल तर तोंडही ३/४ इंच. म्हणून जुना पाना हाती आला की पहिला प्रश्न आकडा किती हा नसून आकडा कशाचा, हा आहे.

न जुळण्याची किंमत

हा सारा वाद कारागिरांच्या सोयीपुरता होता असे वाटेल. तसे नाही. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांचे बंब रेल्वेने मदतीला आले, पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यावरील पाण्याच्या नळांना बसेनात. माणसे होती, पंप होते, पाणी होते. जोड होत नव्हता. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. नंतरच्या तपासणीत त्या देशात अशा जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण दोन मित्रराष्ट्रांमध्ये आली. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे ब्रिटिश विमानाचे इंजिन अमेरिकेत डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले. ब्रिटिश विमानतळांवर दुरुस्ती व्हायची तर आटे ब्रिटिशच हवेत. अमेरिकेत ते पाडण्याची हत्यारे तयार मिळत नव्हती. पॅकार्डला ती स्वतः बनवून घ्यावी लागली. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समान इंची आट्यावर सह्या केल्या. कोन ६० अंश ठरला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समितीही स्क्रूच्या आट्यांचीच आहे.

युद्धाने पान्यांवरही एक खूण सोडली. पोलाद वाचवण्यासाठी ब्रिटनने विटवर्थचे नट एका मापाने लहान केले. अर्ध्या इंचाच्या बोल्टचा नट ०.९२० ऐवजी ०.८२० इंचाचा झाला. ब्रिटनमध्ये बारीक आट्यांचे जे दुसरे मानक होते, त्याचे नट आधीपासूनच या मापाचे होते. म्हणून अनेक ब्रिटिश पान्यांवर एकाच तोंडाजवळ दोन आकडे सापडतात: '१/२ डब्ल्यू' आणि '९/१६ बी.एस.'. तोंड एकच, ०.९२० इंचांचे, नावे दोन. एकाच अर्ध्या इंचाच्या बोल्टसाठी जुना विटवर्थ २३.४, नवा विटवर्थ २०.८, सेलर्सचा २२.२ आणि नंतरचा अमेरिकी १९ मिलिमीटर असे चार वेगवेगळे पाने लागतात, हे ऐकून मिस्त्री ज्या खात्रीने बोलले तिचे मोल कळते.

पाना कसा वाचावा

जुना पाना ओळखताना आम्ही पुढील क्रमाने जातो.

प्रथम घडण पाहावी. अक्षरे उठावदार असतील आणि पृष्ठभाग खरखरीत असेल, तर तो बहुधा साच्यात ओतलेला, बिडाच्या चिवट प्रकारचा पाना असतो. अमेरिकेत नांगर, कापणीयंत्रे यांबरोबर असे पाने दिले जात. ठोकून घडवलेल्या पोलादी पान्याच्या कडेला, बाहेर आलेला जादा धातू छाटल्याची रुंद पट्टी दिसते.

मग तोंड मोजावे आणि आकड्याशी ताडून पाहावे. दोन्ही सारखे असतील तर पाना अमेरिकी पद्धतीचा किंवा मेट्रिक. तोंड आकड्यापेक्षा बरेच मोठे असेल तर विटवर्थचा. दांडा आणि तोंड यांच्यातला कोनही पाहावा. तो बहुधा १५ अंश असतो. अडचणीच्या जागी पाना थोडा फिरवून, काढून, उलटा करून पुन्हा लावला की ३० अंशांच्या जागेतही नट फिरवत नेता येतो.

नंतर काळाच्या खुणा. अमेरिकी पान्यांवर पेटंटची तारीख असेल तर तो बहुधा १९२७ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या कायद्याने तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक देणे आवश्यक झाले. क्रमांकावरूनही काळ काढता येतो. सध्याची क्रमवारी १८३६ मध्ये एकपासून सुरू झाली, दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये आणि वीस लाखावा १९३५ मध्ये आला. अर्थात यावरून पाना त्या वर्षानंतरचा एवढेच सिद्ध होते. तेच पेटंट पुढे कित्येक वर्षे छापले जाई. 'पश्चिम जर्मनी' अशा अर्थाचा ठसा १९४९ ते १९९० या काळाचा. 'क्रोम-व्हॅनेडियम' ही अक्षरे विसाव्या शतकातली. या मिश्रपोलादामुळे पान्याचे जबडे पातळ करता आले.

खुणा का महत्त्वाच्या, हे एका दंतकथेवरून पटेल. कोसच्या जातीच्या पान्याला इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात. हे नाव जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने लावलेल्या शोधावरून, त्याला हिणवण्यासाठी पडले, असे सांगितले जाते. जॉन्सन हा जगज्जेता होता आणि त्याने १९२२ मध्ये एका पान्याचे पेटंट घेतले, हे दोन्ही खरे. पण तो जन्मला १८७८ मध्ये, आणि हे नाव त्याआधीच वापरात होते. पेटंटची तारीख आणि जुना छापील शब्द शेजारी ठेवले की गोष्टीतला खरा भाग वेगळा काढता येतो.

शाळेत काय करता येईल

आपल्याकडे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, तिची इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. तेव्हापासून शंभर वर्षे यंत्रे प्रामुख्याने तिथूनच येत राहिली आणि त्यांच्याबरोबर तिथले आटे व पानेही. १९५६ च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली. त्यानंतर इंची पाने हळूहळू पेट्यांतून बाहेर पडले आणि भंगारात गेले. तिथे ते किलोवर विकले जातात आणि वितळवले जातात. म्हणून गावातला भंगारवाला आणि जुना गॅरेजवाला हे या इतिहासाचे दोन पत्ते आहेत.

पाना मिळाल्यावर तो रॉकेलमध्ये भिजवावा, पितळी ब्रशने हलक्या हाताने घासावा, पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. ग्राइंडर, कानस आणि खरखरीत पॉलिश कागद दूर ठेवावेत. प्रत्येक पान्याला चिठ्ठी बांधून तो कुठे, कोणाकडून, केव्हा मिळाला आणि तोंड किती भरले हे लिहावे. मुलांना दहा पाने द्यावेत आणि आकडा व प्रत्यक्ष माप यांचा तक्ता करायला सांगावे. कोणता आकडा कशाचा, हे ती आपणहून शोधतील.

पाना मिळाला नाही तर शाळेचा नळ आहेच. आपल्याकडच्या पाण्याच्या लोखंडी पाइपांवर आजही ५५ अंशांचा, विटवर्थच्या रूपाचा आटा असतो. 'अर्धा इंची' पाइपाच्या आट्याचा व्यास मोजा. तो जवळजवळ २१ मिलिमीटर भरेल, कारण अर्धा इंच हे आतल्या पोकळीचे जुने नाव आहे. इंचाला आटे मोजा. ते १४ भरतील. मँचेस्टरच्या एका कारागिराने बोल्ट गोळा करून काढलेली सरासरी अशी आपल्या मुलांच्या हाताखाली रोज असते.

आमच्या पंपाचा नट शेवटी त्याच गंजक्या पान्याने सुटला. मिस्त्रींनीच तो सोडवला. आता तो पाना संग्रहात पहिल्या क्रमांकावर टांगला आहे. चिठ्ठीवर माप आहे, पद्धत आहे, मिळाल्याची जागा आहे. 'बनवणारा' या शब्दापुढे आम्ही लिहिले आहे: ठसा होता, आम्ही घासून टाकला.